पान खाल्लं म्हणजे बटाटा गेला?

किडीमुळे बटाट्याचं ४० टक्के नुकसान होतं, असं एका ठिकाणी वाचायला मिळतं. दुसरीकडे तोच आकडा १७ टक्के असतो. दोन्ही आकडे गंभीर संशोधनातून आलेले आहेत, कुणी हवेत सोडलेले नाहीत. शेतात गेलं तर गोंधळ आणखी वाढतो. पानांची चाळण झालेल्या शेतात बटाटा व्यवस्थित निघतो, आणि बांधावरून हिरव्यागार दिसणाऱ्या शेतातली झाडं उपटली की खाली गोट्यांएवढे बटाटे सापडतात.

हा घोळ समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. कीड, किडीने केलेली इजा आणि उत्पादनातली घट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, पण सरळ प्रमाणात नाहीत. झाडाचा कोणता भाग गेला आणि तो कोणत्या दिवसांत गेला, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी बटाटा पोसतो कसा

बटाटा हे मूळ नव्हे, ते जमिनीखालचं खोड आहे. झाड वाढू लागलं की खोडाच्या मातीतल्या भागातून आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून कंद तयार होतात. या कंदात भरला जाणारा स्टार्च वरच्या पानांत तयार झालेल्या साखरेपासून येतो. घरातल्या हिशेबाने बघायचं तर पानं ही कमावती माणसं आणि कंद ही शिल्लक. कमाई थोडी घटली म्हणून शिल्लक लगेच आटत नाही. खर्च किती आहे आणि कमावणारे किती आहेत, त्यावर ते ठरतं.

पीक जोमात असताना पाल्याने जमीन पूर्ण झाकलेली असते. वरची पानं बहुतेक सगळा सूर्यप्रकाश अडवतात, खालची सावलीत बसून असतात. अशा वेळी वरची काही पानं खाल्ली गेली तर तोच प्रकाश खालच्या पानांवर पडतो आणि ती कामाला लागतात. शिवाय पीक कोवळं असेल तर नवी पानं फुटायला वेळ हातात असतो. एखादं झाड मेलंच, तर शेजारची झाडं त्याची जागा, पाणी आणि ऊन वापरून थोडी जास्त पोसतात. पीकशास्त्रात याला भरपाई म्हणतात.

मात्र ही भरपाई कायम मिळत नाही. फुलोऱ्याच्या आसपास कंद वेगाने पोसू लागतात. तेव्हा झाडाची सगळी कमाई खाली जात असते आणि नवी पानं काढायला शिल्लक राहत नाही. या काही आठवड्यांत गेलेलं पान खरोखरच बटाट्यातून वजा होतं. काढणी जवळ आली, कंद भरले, पाला पिवळा पडू लागला की तेवढीच पानं गेली तरी फारसं बिघडत नाही.

पानं खाणारे: दिसतात भयंकर

पानं खाणाऱ्यांत जगभर सगळ्यात बदनाम झालेला किडा म्हणजे कोलोरॅडो बटाटा भुंगेरा. पिवळसर पाठीवर काळे उभे पट्टे असलेला हा किडा मुळात बटाट्यावर जगतच नव्हता. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या परिसरात तो एका काटेरी रानटी झुडपावर राहायचा. १८२४ मध्ये थॉमस से या कीटकशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याचा बटाट्याशी काही संबंध नव्हता. पुढे वसाहती पश्चिमेकडे सरकल्या, बटाट्याची लागवड त्याच्या दारात आली, आणि १८५९ मध्ये नेब्रास्कातल्या शेतांवर त्याचा मोठा उद्रेक झाला. पंधरा वर्षांत तो अटलांटिक किनाऱ्याला पोहोचला. १९२२ मध्ये त्याने फ्रान्समध्ये बोर्दो भागात बस्तान बसवलं, १९९३ मध्ये तो चीनच्या शिनजियांगमध्ये आढळला. भारतात तो अजून आलेला नाही.

त्याची एक अळी पूर्ण वाढेपर्यंत साधारण ४० चौरस सेंटिमीटर पान खाते. त्यातलं तीन चतुर्थांश खाणं तिच्या शेवटच्या अवस्थेतलं असतं. लहान अळ्या दिसतात तेव्हा पानं बरी दिसतात, आणि मग चार-पाच दिवसांत झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. एक मादी काही शे अंडी घालते, हे लक्षात घेतलं की लोक का घाबरतात ते कळतं.

तरीही उत्तर अमेरिकेतल्या कृषी विस्तार यंत्रणांच्या शिफारशी पाहिल्या तर पिकाच्या पहिल्या टप्प्यात साधारण २० ते ३० टक्के पानं गेली तरी चालतील असं त्या सांगतात. फुलोऱ्याच्या सुमारास हीच मर्यादा १० टक्क्यांवर येते आणि कंद भरल्यानंतर पुन्हा वर जाते. तोच भुंगेरा, तेवढीच भोकं. फरक फक्त दिवसांचा.

देठ कुरतडणाऱ्या अळीचंही असंच. ती रात्री बाहेर येऊन कोवळी रोपं जमिनीलगत कापते. सकाळी आडवी पडलेली रोपं पाहून जीव हळहळतो, पण खालचं बेणं शाबूत असेल तर पुन्हा फुटवे येऊ शकतात.

मावा: दिसत नाही, म्हणून महागात पडतो

बटाट्याच्या खालच्या पानांपैकी एखादं उलटून पाहिलं तर शिरांच्या कडेने फिकट हिरवे, मोहरीच्या दाण्याहून लहान किडे चिकटलेले दिसतात. पान वरून ठणठणीत असतं, एकही भोक नसतं. हा मावा. तो सुईसारखी सोंड पानात खुपसून रस शोषतो. पोषक हवामानात त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. दहा-बारा दिवसांत पिढी बदलते. म्हणूनच काल तुरळक दिसलेला मावा आठवड्याभरात पानभर पसरतो.

रस गेल्याने झाड थोडं अशक्त होतं, पण खरा धोका तो नाही. मावा एका झाडावरचा विषाणू दुसऱ्यावर नेतो. बटाट्याच्या बाबतीत हे विशेष घातक ठरतं, कारण आपण बटाटा बियाणाने लावत नाही, कंदच पेरतो. झाडात शिरलेला विषाणू कंदात उतरतो आणि तोच कंद पुढच्या वर्षी बेणं म्हणून जमिनीत जातो. मग पीक उगवल्या दिवसापासून आजारी असतं. त्यातून मावा आजूबाजूच्या निरोगी झाडांना लागण करतो आणि त्यांचे कंद पुढच्या वर्षीचं आजारी बेणं होतात. अनेक ठिकाणी बेण्याचा कस गेला असं लोक म्हणतात, तिथे बहुतेकदा हेच घडलेलं असतं. बेण्यातूनच रोग आलेल्या झाडांचं उत्पादन निम्म्याहून खाली जाऊ शकतं.

इथे एक बारकावा आहे आणि तो फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. बटाट्याचे दोन मोठे विषाणू मावा दोन वेगळ्या पद्धतींनी पसरवतो. पानं गुंडाळणारा विषाणू, म्हणजे लीफ रोल, उचलायला माव्याला बराच वेळ एका जागी बसून खोलवर रस प्यावा लागतो. मग तो विषाणू त्याच्या शरीरातून फिरून लाळेत येईपर्यंत साधारण दिवस जातो. एवढ्या वेळात कीटकनाशक आपलं काम करू शकतं.

दुसरा विषाणू, ज्याला पोटॅटो व्हायरस वाय म्हणतात, तो मात्र सोंडेच्या टोकालाच चिकटतो. पान कशाचं आहे हे चाखून बघायला माव्याने सोंड काही सेकंद टोचली की विषाणू उचलला, पुढच्या झाडावर काही सेकंद टोचली की सोडला. औषधाने मावा मरेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. त्यातही बटाट्यावर कधीच वस्ती न करणारे, दुसऱ्या पिकांवरून उडत आलेले मावे चाखण्यापुरते थांबतात आणि विषाणू देऊन पुढे जातात. आपल्या शेतात मावा वाढलेलाच नसतो, तरी रोग पसरतो. इथे खनिज तेलाचा पातळ फवारा कीटकनाशकापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तो विषाणूला सोंडेवर टिकू देत नाही. त्याहून मोठा उपाय म्हणजे निरोगी बेणं आणि रोगट झाडं दिसताच कंदासकट उपटणं.

भारतात या प्रश्नावर फार सुंदर तोडगा निघाला. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तेव्हा निरोगी बेणं डोंगराळ भागातूनच येऊ शकतं, कारण थंडीत मावा कमी असतो, अशी समजूत होती. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, त्यातही पुष्करनाथ यांनी, उत्तरेच्या मैदानी प्रदेशातही ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मावा अगदी कमी असतो हे हेरलं. त्यातून सीड प्लॉट तंत्र उभं राहिलं: बेण्याची लागवड लवकर करायची, आणि दर १०० संयुक्त पानांमागे (एका देठावर अनेक पानुल्या असलेलं अख्खं पान म्हणजे संयुक्त पान) मावा २० च्या वर जाण्याच्या बेतात आला की हिरवागार पाला कापून टाकायचा. चालतं पीक मुद्दाम थांबवायचं. कंद थोडे लहान राहतात, पण विषाणू पाल्यातून कंदात उतरण्याआधीच वाट बंद होते. माव्याशी लढण्याऐवजी त्याच्या वेळापत्रकातली फट शोधण्याची ही कल्पना मला बटाटा संशोधनातल्या सगळ्यात हुशार कल्पनांपैकी एक वाटते.

तुडतुडेही रसच शोषतात. त्यांच्यामुळे पानातल्या अन्नवाहिन्या तुंबतात, साखर खाली जात नाही आणि पानांच्या कडा करपल्यासारख्या होतात. कडा करपलेल्या दिसतात त्याच्या आधीच पानाचं काम मंदावलेलं असतं.

जमिनीखाली आणि साठवणीत

पाल्यावरच्या इजेची झाड भरपाई करू शकतं. कंदाला पडलेलं भोक बुजत नाही.

हुमणी आणि तारेसारखी कडक, पिवळसर वायरवर्म अळी कंद कोरतात. वजन करायला गेलं तर फरक नगण्य येतो. पण दोन भोकं पडलेला बटाटा निवडणीत बाजूला काढला जातो. म्हणजे काट्यावर उत्पादन तेवढंच आणि विकण्याजोगं उत्पादन कमी. नुकसानीचा कुठलाही आकडा वाचताना तो एकूण वजनाचा आहे की विकण्याजोग्या मालाचा, हे पाहिलं नाही तर फसगत होते. वायरवर्म काही वर्षं मातीत राहते, त्यामुळे आदल्या काळात जिथे गवताळ कुरण होतं तिथे ती जास्त सापडते.

या गटातला मुख्य शत्रू म्हणजे बटाट्यावरची पाकोळी. करड्या रंगाचा हा लहानसा पतंग दक्षिण अमेरिकेतला, बटाट्याच्याच मायभूमीतला. भारतात तो १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात आला. अळ्या पानं पोखरतात, पण त्याने उत्पादन फारसं घटत नाही. मातीला भेगा पडल्या किंवा वरंब्यावरची माती खचून कंद उघडा पडला की मादी त्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. अशा बटाट्याचा डोळा जवळून पाहिला तर तिथे भुकटीसारखी काळपट विष्ठा साचलेली दिसते. कापल्यावर आतून वेड्यावाकड्या तपकिरी वाटा निघतात, आणि त्यातून बुरशी व सड शिरलेली असते.

खरा घात काढणीनंतर होतो. शेतातून दोन-चार टक्के किडके बटाटे साठवणीत गेले की उबदार हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार होते, मग पुढची. काही महिन्यांत अख्खा ढीग सडतो. शेतातलं नुकसान मोजणाऱ्या तक्त्यात हे बटाटे येतच नाहीत, कारण तिथे ते चांगले म्हणून मोजून झालेले असतात.

मग ४० टक्के की १७ टक्के?

४० चा आकडा बॉन विद्यापीठातल्या एरिक-ख्रिश्चन ओर्के यांच्या २००६ मधल्या अभ्यासातला. त्यांनी २००१ ते २००३ या काळातल्या जागतिक पिकाचा हिशेब मांडला. बटाट्याचं शक्य असलेलं उत्पादन आणि प्रत्यक्ष उत्पादन यांत त्यांना ४०.३ टक्के तूट दिसली. पण ही सगळी कीटकांची करणी नाही. त्यात तण ८.३, बुरशी व जिवाणूजन्य रोग १४.५, विषाणू ६.६ आणि प्राणिवर्गातले शत्रू १०.९ टक्के आहेत. या शेवटच्या गटात कीटकांबरोबर सूत्रकृमी, गोगलगायी, उंदीर हेही येतात.

१७ चा आकडा सर्ज सावारी आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधल्या अभ्यासातला. त्यांनी ६७ देशांतल्या २१९ तज्ज्ञांना विचारलं. तण त्यांनी धरलंच नाही. बटाट्याचा अंदाज १७.२ टक्के आला, आणि भागाभागाप्रमाणे तो ८.१ ते २१ टक्क्यांपर्यंत बदलत होता. दोन अभ्यासांत मोजलेली वस्तूही वेगळी आहे, मोजण्याची रीतही.

ओर्के यांच्या तक्त्यातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. विषाणूंचं नुकसान वेगळ्या रकान्यात आहे, पण ते पसरवण्यात मोठा हात माव्याचा असतो. म्हणजे माव्याचा गुन्हा दुसऱ्याच्याच नावावर चढला आहे. दुसरी गोष्ट अशी की, काहीच उपाय केले नसते तर तणाने ३०.२ टक्के नुकसान झालं असतं, ते ८.३ वर आणता आलं. प्राणिवर्गाच्या शत्रूंनी १५.३ टक्के केलं असतं, ते मात्र फक्त १०.९ वर आलं. इतक्या फवारण्या करूनही हाती आलेली बचत एवढीच आहे.

आकड्यांची बेरीज करतानाही जपावं लागतं. एका किडीने १५ टक्के आणि एका रोगाने २० टक्के नुकसान केलं, तर एकूण ३५ होईलच असं नाही. करपा रोगाने आधीच मेलेलं पान भुंगेऱ्याने खाल्लं तर त्यात नवं नुकसान काहीच नाही.

आणि एक उलटं उदाहरणही नोंदलं गेलं आहे. कोलंबियात अँडीज पर्वतातल्या एका बटाट्याच्या वाणावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्वाटेमालाच्या पाकोळीने थोडे कंद पोखरले तेव्हा झाडाने उरलेले कंद जास्त पोसले आणि विकण्याजोगं उत्पादन वाढलं. प्रमाण वाढल्यावर हा फायदा राहिला नाही. प्रत्येक वाणात असं होईल असं यातून निघत नाही, पण इजा आणि घट यांच्यातलं नातं किती वाकडं असू शकतं ते दिसतं.

“कीड दिसली की फवारलं, तर बिघडलं काय?”

हा प्रश्न रास्त आहे. पीक डोळ्यांदेखत खाल्लं जात असताना शांत बसा म्हणणं सोपं नाही. तरी बिघडतं ते सांगायला हवं.

कोलोरॅडो भुंगेऱ्यावर १८६० च्या दशकात पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकयुक्त विष वापरलं गेलं. पुढे डीडीटी आलं आणि लढाई जिंकली असं वाटलं. १९५२ मध्येच न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या भुंगेऱ्यांवर डीडीटी चालेनासं झालं. आज या किडीने निरनिराळ्या ठिकाणी ५० हून अधिक कीटकनाशक घटकांना दाद न देण्याची क्षमता मिळवली आहे. प्रत्येक फवारणीत कमकुवत मरतात, टिकणारे वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते. गरज नसताना केलेली फवारणी ही निवड विनाकारण वेगाने घडवते.

दुसरं म्हणजे मित्रकीटक आधी मरतात. ढालकिडे आणि क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा कीटक माव्यावर जगतात. पाकोळीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी आहे. तिच्या एका अंड्याची आतल्या आत अनेक पिल्लं होतात आणि पाकोळीची अळी आतून पोखरून टाकतात. सरसकट विष मारलं की हे मोफत काम बंद पडतं आणि मावा आधीपेक्षा जोरात उसळतो.

म्हणून १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हर्नन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीची पातळी ही कल्पना मांडली. होणारं नुकसान उपायाच्या खर्चाहून मोठं ठरणार, अशा संख्येला कीड पोहोचायच्या आतच हात उचलायचा. त्याच्या खाली असेल तर मोजत राहायचं.

“पण थांबलो आणि पीक हातचं गेलं तर?”

थांबणं म्हणजे न बघणं नव्हे. आठवड्यातून एकदा शेतात आडवं-तिडवं फिरून ठरावीक पानं उलटून मोजावी लागतात, तीही बांधालगतचीच नव्हे. पाकोळीसाठी मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात किती नर अडकले ते पाहावं लागतं. पीक कोणत्या अवस्थेत आहे हे आकड्याशेजारी लिहिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

हेही लक्षात ठेवावं लागतं की एकच पातळी सगळ्यांना लागू नाही. खाण्यासाठीच्या बटाट्यात काही मावा सहन करता येतो, बेण्याच्या प्लॉटमध्ये नाही. कंदावरच्या किडींना तर ही थांबायची रीत जवळजवळ लागूच होत नाही, कारण अळी आत शिरल्यावर तिच्यापर्यंत कुठलंच औषध पोहोचत नाही. तिथे कामं आधीचीच आहेत: बेणं पुरेसं खोल लावणं, वेळेवर मातीची भर देणं, भेगा पडणार नाहीत इतकं पाणी राखणं. काढलेला माल रात्रभर उघड्यावर पडू द्यायचा नाही, कारण पाकोळी अंधारातच अंडी घालते. ढीग झाकायला त्याच शेतातला पाला वापरायचा नाही, त्यातल्या अळ्या सरळ खाली बटाट्यात उतरतात. किडका बटाटा साठवणीत जाण्याआधी वेगळा काढायचा, आणि जिथे सोय आहे तिथे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली ठेवायचं. त्या थंडीत अळीची वाढ जवळपास थांबते.